दोन उजव्या बाह्या

शर्टांच्या कारखान्यात ती उभं आयुष्य फक्त कॉलरच शिवत आली. बाह्या एका टेबलावर, खिसे दुसऱ्यावर, कॉलर हिच्याकडे. शर्ट धुऊन धुऊन विरला तरी हिची कॉलर ताठच राहायची, म्हणून सगळे तिला कॉलरबाई म्हणत. बाईंची मानही तशीच! एकदा सुई मोडली म्हणून सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला, "तुमच्यासारख्या छप्पन्न मिळतील."

"मग त्या छप्पन्नांनाच बसवा," म्हणत ती डबा उचलून चालती झाली.

घरी खिडकीशी मशीन मांडली, दाराला 'शर्ट शिवून मिळतील' अशी पाटी लावली. नवरा म्हणाला, "अगं, नोकरी ती नोकरी. हे नाही जमलं तर नाक मुठीत धरून परत जावं लागेल." तिला धास्ती होती ती नेमकी त्याचीच. "इतकी वर्षं शर्टांतच गेली माझी, एक शर्ट शिवता येणार नाही होय?" असं ती मोठ्यानं म्हणाली खरी, पण मनात धाकधूक होतीच.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. कॉलर अशी बसली, की गडी आरशात वळून वळून बघायला लागला. मग त्यानं हात खाली सोडला आणि डावी बाही पिळवटल्यासारखी फिरली. बाईंनी दोन्ही बाह्या चाचपून पाहिल्या. कापड एकेरी पसरून, नमुन्याचा कागद न उलटताच तिनं दोन्ही बाह्या कापल्या होत्या. दोन्ही उजव्या!

"त्याला दोन उजवे हात आहेत असं वाटलं की काय तुला?" नवऱ्याला हसू आवरेना.

"हसा, हसा. अंगण सरळ आहे, मलाच नाचता येत नाही." मग कंपाउंडरला म्हणाली, "भाऊ, कापड मी भरून देते." लाजेनं तिचे कान तापले होते.

आणि वेळ तरी कशी बघा, त्याच दिवशी सुपरवायझर दारात हजर. नव्या बायकांनी शिवलेल्या कॉलरी व्यापाऱ्यानं परत पाठवल्या होत्या. "बाई, झालं गेलं विसरा. उद्यापासून या. पगार वाढवून देतो."

नवऱ्याचं हसू थांबलं. तिला राग आला, आणि तो बराचसा स्वतःचाच होता. आपण शर्ट शिवतो असं ती जन्मभर लोकांना सांगत आली होती.

"येते," ती म्हणाली. "सकाळी कॉलरी करीन. दुपारी मात्र मला कटिंगच्या टेबलावर बसवायचं. मग बाह्यांच्या."

"कटिंग? तुम्हाला कशाला हवंय ते?"

"शिकायचंय."

सुपरवायझरनं डोकं खाजवलं. कॉलरींवाचून त्याचं अडलं होतं. "बरं, बसवतो. आणि सगळं शिकून झालं की?"

"मग मी घरी," ती म्हणाली आणि बाही उसवायला बसली.