न टोचलेला कान

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बहिणीशी फोनवर बोलताना एक-दोनदा अगदी जिभेवर आलं होतं, आणि मी घाईघाईनं तिच्या मुलाच्या परीक्षेचं विचारलं. तुला सांगते. मधेच गप्प झाले तर होऊ दे — परत सुरू करेन.

आमच्या बोक्याबद्दल आहे. म्हणजे, बोक्यापासून सुरू होतं.

अंबरनाथ वेस्टला आम्ही तिघं राहतो. मी, पप्पा आणि ढब्बू. पप्पा आनंदनगरच्या एका कंपनीत फिटर होते, रिटायर झाले. मी तिथेच दुसऱ्या कंपनीत परचेसला आहे. ढब्बू पाइपावरून आमच्या गॅलरीत चढून आला आणि गेलाच नाही. मी त्याला कोरड्या खाण्याची सवय लावली, कारण ते सोपं. वाटी भरून ठेवायची, ऑफिसला निघायचं. तो फुगत गेला, आम्हाला कौतुक वाटत गेलं.

मग तो सारखं पाणी प्यायला लागला. त्याच्या वाळूचा टब सकाळ-संध्याकाळ ओलाचिंब. खायचा दुप्पट, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून फरपटत चालायचा. पप्पाच म्हणाले, "अगं, माझ्या आत्याचं असंच झालं होतं. याची शुगर तपास."

मी हसले. मांजराला कसला डायबिटीस?

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, मशीनकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हातारे सिंधी डॉक्टर, बोलणं सावकाश. "बेटा, सूखा खाना आज से बंद. चिकन, मच्छी, डिब्बे का गीला खाना. खाना बदलेगा तो शुगर अपने आप नीचे आएगी. इसलिए हर बार पहले कान से खून, फिर खाना, फिर सुई. शुगर कम आई तो सुई नहीं देना, मुझे फोन करना."

मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. सगळं कळलं होतं.

घरी आम्ही कामं वाटून घेतली. पप्पा सकाळी बिनमिठाचं चिकन उकडायचे, त्याचे तंतू काढून वाटीत घालायचे आणि ढब्बूनं वाटी चाटून पुसेपर्यंत शेजारी मांडी घालून बसायचे. कान टोचणं आणि इन्सुलिनची सुई माझ्याकडे. सुईचं ढब्बूला काहीच वाटायचं नाही. मानेमागची कातडी उचलायची, टोचायची, तो खातच राहायचा. पण कान! कडेवर एवढीशी टोचणी, तेवढंसं रक्त — आणि तो असा ओरडायचा की खालच्या काकू वर बघायच्या. थोड्याच दिवसांत तो माझी चाहूल लागली की सोफ्याखाली जायला लागला. पप्पांच्या मांडीवर झोपायचा. मी हात लावला की उठून जायचा.

तुला हसू येईल, पण मला ते फार लागलं. ऑफिसातून आल्यावर माझ्याकडे धावत येणारं घरात तेवढं एकच होतं.

मग एका सकाळी मी कान टोचलाच नाही. आत पप्पा चिकन उकडत होते. त्यांनी विचारलं, "किती आली?" मी सांगितलं, "तीनशेच्या वर." आदल्या आठवड्यात तेवढीच येत होती ना? मग आजही तेवढीच असणार. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी ढब्बू माझ्या पायाला अंग घासून गेला — आणि मग मी टोचणी कपाटातून काढायचीच बंद केली. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी मात्र पप्पांना दिसेल अशी टेबलावर ठेवायचे. हो, तेवढी हुशारी होती.

नवं खाणं आपलं काम करत होतं. त्याची शुगर उतरत होती. फक्त मी बघत नव्हते.

त्या दिवशीही पप्पांनी हाक मारली, "खाल्लं गं सगळं!" मी सुई दिली आणि निघाले. जेवणाच्या सुट्टीच्या आधी पप्पांचा फोन. आवाज ओळखू येईना. "ढब्बू पडतोय. तोंडातून लाळ येतेय. पाय झाडतोय." मी म्हटलं, "हिरड्यांना मध चोळा आणि रिक्षा करा, मी थेट डॉक्टरांकडे येते." मी पोचले तेव्हा पप्पा आत टेबलाशी उभे होते. पायात चप्पल नाही. शर्टावर मध. ढब्बूच्या पायाला सलाइन लावलेलं, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे.

डॉक्टरांनी विचारलं, "सुबह शुगर कितनी थी?"

तेव्हा सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं — देखी नहीं. पण पप्पा माझ्याकडे बघत होते.

"तीन सौ के ऊपर," मी म्हटलं.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "इतनी थी तो इतना नीचे कैसे गया? फिर खाया नहीं होगा." ते पप्पांकडे वळले. "अंकल, खाना पूरा खाया था इसने?"

"हो. पूरा खाया. मी समोर बसलो होतो."

आणि मी — ऐक, हेच सांगायचं होतं — मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "पप्पा, नक्की आजच ना? कालचं तर आठवत नाहीये तुम्हाला?"

ते खरंच आठवून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधणं मला दिसत होतं, आणि मी ते थांबवलं नाही. मग ते म्हणाले, "कालचं असेल." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "कालचंच असेल."

ढब्बू वाचला. त्यानंतर मी एकदाही तपासणी चुकवली नाही. काही महिन्यांत फक्त खाण्यावर त्याची शुगर ताब्यात आली आणि सुई बंद झाली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आता चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमधल्या एक बाई मला फोन करतात, त्यांच्या मांजरीलाही तेच निघालंय. मी त्यांना सांगते, कान आधी तळहातात धरून गरम करा, कडेला टोचा, आणि न तपासता सुई कधीही देऊ नका. त्या म्हणतात, ताई, तुम्ही किती करता हो त्याचं!

पप्पांचं काय झालं, ते विचार.

त्यांनी चिकनचं काम माझ्याकडे दिलं. "मला भरवसा नाही," म्हणाले. बदलापूरला माझ्या बहिणीकडे एकटे जायचे, ते बंद केलं. चुकीच्या स्टेशनला उतरलो तर? बहिणीनं मला विचारलं, "पप्पा विसरायला लागलेत का गं?" मी म्हटलं, "वय झालंय." म्हणजे तेही मीच पसरवलं. मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडेही नेलं — कशाला, ते मला विचारू नकोस. त्यांनी खूप प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली आणि म्हणाले, या वयात इतकी छान स्मरणशक्ती क्वचित बघतो. रिक्षात पप्पा म्हणाले, "चांगला माणूस आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलला."

विहारात बुद्धवंदना पप्पाच सांगायचे. माझ्या लहानपणापासून. पुढे बसून, पुस्तक न घेता, आणि मागून सगळे म्हणायचे. ते त्यांनी सोडलं. मंडळातल्या लोकांनी घरी येऊन विनवण्या केल्या. पप्पा म्हणाले, "मधेच अडकलो तर लोकांसमोर शोभत नाही." मी चहा आणून ठेवला आणि आत गेले.

या बुद्धपौर्णिमेला आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. पुढे एक तरुण मुलगी पुस्तकात बघून म्हणत होती. दोनदा तिची ओळ सुटली. पप्पांचे ओठ हलत होते, अगदी हळू, तिच्याही पुढे. एकही शब्द सुटला नाही. मी शेवटपर्यंत त्यांच्या ओठांकडेच बघत होते.

घरी येताना, जिन्यात, मी म्हटलं, "पप्पा, ढब्बूच्या त्या दिवशी तुमची चूक नव्हती."

एवढंच म्हटलं. कुणाची होती, ते म्हटलं नाही. पुढचं वाक्य तयार होतं. तोंड उघडलंही होतं.

ते कठडा धरून थांबले. "अजून तेच मनात घेऊन बसलीस होय?" म्हणाले. "माझ्याकडून झालं ते झालं. तू त्याचा त्रास करून घेऊ नकोस, पोरी." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी मान खाली घातली, आणि तो हात तसाच राहू दिला.