डॉक्टरांच्या खांद्यावर लावलेला कौल

आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची शोकसभा वाशीत झाली. तिथून मी चिडून उठून आले. सेवाभावी, मितभाषी, देवमाणूस, एकामागून एक तीच भाषणं. मितभाषी? समुद्राच्या तळाशी भेटणाऱ्या माशांबद्दल बोलायला लागले की त्यांना आवरावं लागायचं! पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात उतरायचं, ज्याला स्कूबा म्हणतात, त्याचं त्यांना वेड होतं. हे एकाही वक्त्याला सांगावंसं वाटलं नाही. मला देवाची कधी खात्री नव्हती, आणि आज जी थोडीफार आहे ती त्याच वेडापायी आली. म्हणून लिहिते आहे. आजवर मोर्च्यांची पत्रकंच लिहिली, तेव्हा गोड लिहिणं जमेलच असं नाही.

आमचं गाव खाडीकाठचं. नवं शहर वसवायला शेतं गेली, मिठागरं गेली. राहिली होती बांधावरची देवी, म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा आणि वर पत्र्याचं छप्पर. लग्न असो, नवी होडी असो, देवीला कौल लावल्याशिवाय गावात काही होत नाही. शिळेच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग भरावाच्या कंत्राटदाराने बांधाला लागूनच दगडमातीचे ट्रक ओतले. बांध खचला आणि देवी खाडीत गेली. आम्ही जाब विचारायला नव्या शहराच्या सरकारी ऑफिसात गेलो, तर साहेब म्हणाला, "नकाशात तिथे देऊळ दिसत नाही." नकाशात आम्ही तरी कुठे दिसत होतो?

त्याच सुमारास माझ्या आयचा, म्हणजे आईचा, डोळा गेला म्हणण्याची वेळ आली. एक डोळा तिचा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. ती भिंतीला धरून चालायची, डब्यात मीठ आहे की साखर ते चाखून ठरवायची. वाशीला डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की आणखी थांबलात तर आत दाब चढेल, मग ऑपरेशन करूनही काही दिसणार नाही. आय शांतपणे म्हणाली, "देवीला इचारल्याबिगर डोल्याला हात लावून देनार न्हाय."

"अगं, देवी पाण्यात आहे!" मी ओरडले.

"मंग काढा तिला. मोर्चे काढतंस ना?"

मला तिचा राग आला, देवीचाही आला. जिला स्वतःचा बांध सांभाळता आला नाही ती काय कौल देणार? आणि सगळ्यात जास्त राग आला दवाखान्याच्या भिंतीवरच्या रंगीत माशांच्या फोटोंचा. मी डॉक्टरांना म्हटलं, "आमच्या नळाला पाणी नाही, आणि तुम्ही पाण्यात मजा मारता."

"मजाच मारतो," ते म्हणाले. "दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघतो. खाली गेलं की मासे माझ्याकडे बघतात. तेवढाच बदल." मग आयकडे वळून त्यांनी विचारलं, "मावशी, तुमची देवी किती खोल गेली असेल?"

मी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?"

"माझा नाही. मावशींचा आहे, आणि डोळा मावशींचा आहे."

रविवारी भरती ओसरायच्या आत ते टाकी घेऊन आले. काकाची होडी होती. आय काठावर पदरात तगरीच्या कळ्या घेऊन बसली. त्यांचा तो काळा रबरी पोशाख बघून काका म्हणाला, "डाक्टर, हितं मासं बगायला मिलनार न्हाय. हिकरं नुसता चिखल." खरंच होतं ते. आमच्या खाडीत गुडघाभर पाण्यात स्वतःचं पाऊल दिसत नाही. डोळ्यांचा तो डॉक्टर डोळ्यांचा काही उपयोग नसलेल्या पाण्यात उतरला आणि हातांनी चाचपडत राहिला. बुडबुडे इकडून तिकडे सरकत होते. डॉक्टर वर येत, नाही म्हणून मान हलवत, पुन्हा खाली जात. भरावाचे दगडच दगड होते तिथे. कोण देवी आणि कोण कंत्राटदाराची खडी, हे कोण सांगणार?

शेवटी टाकीतली हवा संपत आली. ते रिकाम्या हातांनी काठावर आले आणि चिखलात बसले. हात कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलेला, दात थंडीने वाजत होते. "मावशी, नाही सापडली. माफ करा."

आय चाचपडत त्यांच्याजवळ गेली. आधी त्यांचं डोकं शोधलं, मग खांदे. "बस रं बाबा. हालू नको." आणि तिने त्यांच्या ओल्या रबरी खांद्यांवर एकेक कळी चिकटवली. काका "वयनी, अगं मानूस हाय तो!" म्हणाला. तिने ऐकलं नाही. ओठातल्या ओठात विचारलं. स्कूबात श्वास कधी रोखायचा नसतो असं डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. त्या वेळी मात्र त्यांनी तो रोखला होता, मी बघितलं.

उजवी कळी पडली.

कुणी म्हणेल, माणूस काकडत होता, पडणारच. म्हणा. मी वाद घालणार नाही. एरवी मी प्रत्येक गोष्टीवर घालते. आयने हात जोडले आणि म्हणाली, "आता लाव डोल्याला हात." डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं, खाडीचं असेल.

हाताची जखम भरल्यावर त्यांनी ऑपरेशन केलं. पट्टी काढून जाड भिंगांचा चष्मा लावला आणि विचारलं, "मावशी, किती बोटं?" आयने तो हातच धरला, उलटा केला, तळव्यावरचा व्रण बघितला. "बोटं मोजते मंग. आदी यो सांग, दुखतं का अजून?"

देवी अजून खाडीतच आहे. तो साहेब बढतीवर गेला, कंत्राटदाराने आणखी भराव टाकला, आणि त्यांच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, होऊही देणार नाही. पण शरण जाणं म्हणजे हार मानणं असं मी समजत होते, ते चुकीचं होतं. आय कुणाला हरली नव्हती. जिथे आपला हात पोचत नाही तिथे दुसऱ्या कुणाचा तरी पोचतो, एवढंच तिने मान्य केलं. आता सकाळी ती खाडीकडे तोंड करून हात जोडते. मी तिच्या शेजारी उभी राहते, आणि अलीकडे माझेही हात जोडले जातात. देवीसाठी की डॉक्टरांसाठी, ते आय विचारत नाही.