'काशीआत्या' फोल्डर मला उघडत नाही

माझ्या चुलतभावाने, दिनेशने, मला फसवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही भुताखेतांकडे वळाल. मी वळत नाही. मोखाड्याचा घाट हव्या त्या वेळी एकट्याने चढलोय, कधी काही दिसलं नाही.

जव्हारला आमचं दोघांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज, दिनेशच्या जुन्या मशीनवर लिनक्स, मध्ये एक राउटर. स्कॅनर त्याच्याकडे, म्हणून सूर्यमाळच्या काशीआत्याच्या वारली चित्रांचे स्कॅनही त्याच्याकडेच. ती चित्रं शहरात नेली मी. व्यापाऱ्यांशी भांडलो मी. हा नुसता ओट्यावर बसून तिला तांदळाचं पीठ कालवून द्यायचा... आणि नागलीची पहिली भाकरी आत्या त्याला वाढायची.

गेल्या वर्षी आत्या गेली. मूळ चित्रं विकली गेलेली, उरले ते स्कॅन. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाला तिचं लग्नचौकाचं चित्र भिंतीवर छापायचं होतं. फाइल दुपारपर्यंत हवी होती, नाहीतर काम गेलं. दिनेशचे बाकी सगळे फोल्डर माझ्याकडे उघडले, फक्त 'काशीआत्या' उघडेना. परवानगी नाही, म्हणे. पासवर्ड पुन्हा टाकला, फायरवॉल बंद केली, राउटर बंद-चालू केला. तेच.

"तूच कुलूप घातलंयस," मी म्हणालो.

"दादा, ऊठ जरा."

माझ्याच खुर्चीत बसून त्याने माझंच नाव, तोच पासवर्ड टाकला. उघडलं. तो उठला, मी बसलो — परवानगी नाही.

फाइल शेवटी त्यानेच पाठवली. गिऱ्हाईक आता त्यालाच फोन करतं.

त्याची लबाडी पकडायला मी नाशिकहून टेक्निशियन आणला. त्याने दोन्ही मशीन तपासली. म्हणाला, दोघांना सारखाच हक्क दिलाय, कुलूप कुठेच नाही. मग लिनक्सचा लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याची नोंद, वाचता वाचता तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"शेठ, तुम्ही तर रोज आत जाता. सकाळी नऊला, तुमच्याच मशीनवरून. एकेक चित्र उघडून बघता."

नऊला दुकानात मी एकटा असतो. दिनेश मोखाड्याहून अकराला येतो, किल्ली माझ्याकडे. आणि आत्या गेल्यापासून तिचं एकही चित्र मी पाहिलेलं नाही.

दिनेश म्हणतो, "दादा, आत्यालाच विचार." टेक्निशियनने हात वर केले. मलाही आजतागायत उलगडलेलं नाही.

पण मशीन माझं, नाव माझं, पायपीट माझी. जो कोणी रोज आत बसून बघतोय, त्याने समोर येऊन सांगावं — माझ्या नावावर तुला परवानगी दिली कोणी, आणि मला का नाही?