वरच्या खड्ड्यातला कापूस

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. माझ्या सेवापुस्तकात याची नोंद नाही; उलट त्याच कामाबद्दल मिळालेलं एक प्रशस्तिपत्र कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेलं आहे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस लगेच समजूत घालायला लागतं. मला समजूत नको आहे.

मी नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. गावाच्या मधून एक नाला जातो, बाजाराच्या मागून, शाळेच्या कुंपणाला लागून. गाव संपलं की दीडेक किलोमीटरवर एक बंजारा तांडा आहे, तिथून तो पुढे जातो. गावात या नाल्याला कुणी पाणी म्हणत नाही. तांड्यावर मात्र बाया त्याच्या काठच्या रेतीत झिरे उकरतात. हातभर खोल खड्डा, त्यात पाणी पाझरून येतं, ते वाटीवाटीनं गुंडीत भरायचं. नळाचे पाईप आहेत, पाणी नाही. म्हणून झिरा. प्यायला तेच.

काही वर्षांपूर्वी माघात नाला काळा झाला. वरच्या अंगाला एका रस्ते ठेकेदाराचा डांबर प्लांट होता, त्याच्या जळणाच्या तेलाची टाकी गळली. सकाळी गाव उठलं तेव्हा पुलाखाली जाड काळी साय आली होती. शाळेनं खिडक्या लावून घेतल्या. डुकरं कानापर्यंत माखून बाजारात हिंडत होती. वरून आदेश आला: ठेकेदारानं सफाई करायची, नगरपरिषदेनं देखरेख करायची, आणि तोवर तांड्याला रोज एक टँकर द्यायचा. देखरेख अधिकारी म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. मी नको म्हटलं नाही. मला काम आवडतं, आणि मला ते येतं — असं तेव्हा वाटायचं.

ठेकेदाराच्या माणसांनी आधी भुसा टाकला. भुसा भिजला आणि बुडाला. मग मला कवडी आठवली. किडका, पिवळा पडलेला कापूस, बाजारात ज्याला कुणी विचारत नाही तो. माझ्या माहेरी घासलेट सांडलं की आई कवडीनं पुसायची. कापूस तेल पितो, पाणी पीत नाही. एका जिनिंगवाल्याकडून गाडीभर कवडी उचलली, कांद्याच्या जाळीदार पोत्यांत भरली, दोरीला बांधून नाल्यात आडवी सोडली. तासाभरात पोती काळी. काढायची, नवी टाकायची. काम दिसायला लागलं. पेपरात फोटो आला.

पण पोती ओढायला गावातली माणसं मिळेनात. वास होता, अंगाला खाज सुटायची. मग मी स्वतः तांड्यावर गेले आणि आठ बाया आणल्या. त्यांत गोमलीबाई होती. माझ्याच वयाची, उंच, पुढचा एक दात पडलेला, तोंडानं फटकळ. मी पदर खोचून नाल्यात उतरले तर म्हणाली, "साहेबीन उतरली, आता नाला भेवानंच साफ होते." ठेकेदारानं दिलेले हातमोजे पहिल्याच दिवशी फाटले. तिनं कोपरापर्यंत काळे झालेले हात माझ्यापुढे धरले. "पाहा मॅडम, पोरीच्या लग्नात एवढी मेंदी नव्हती लावली." आम्ही सगळ्या हसलो. दुपारी मी डबा उघडायचे तर ती तिच्या भाकरीवरची ठेच्याची गोळी माझ्या पोळीवर ठेवायची. न विचारता.

या बायांची नावं मस्टरवर नव्हती. मस्टरवर ठेकेदाराची माणसं होती, जी कामावर कधी दिसली नाहीत. या बायांना हातावर मजुरी. मला हे माहीत होतं का? होतं. सगळ्यांनाच असतं. आमच्याकडे काम असंच चालतं, आणि देखरेख करणारा मस्टर पाहतो, माणसं मोजत नाही.

तेलानं भिजलेला कापूस कुठेही टाकता येत नाही. तो धोकादायक कचरा. तो ठरलेल्या ठिकाणी पाठवायचा, न्यायला तिथलीच गाडी येते. गाडी आली नाही. आज येते, उद्या येते. बाजाराच्या मागे पोत्यांचा ढीग गळत पडला. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "मॅडम, सोमवारी कलेक्टर ऑफिसला मीटिंग आहे. काम झालं म्हणून सांगू ना?" एवढंच. कुठे टाका, कसं टाका, हे ते बोलले नाहीत. मला कुणी काही करायला लावलं नाही — हे नीट लक्षात ठेवा.

मीच ठरवलं. तांड्याच्या थोडं वर, नाल्याच्या वळणावर, रेती उपसलेला एक जुना खड्डा होता. दोन ट्रॅक्टर लावले. बायांनी पोती डोक्यावरून नेऊन खड्ड्यात रचली. गोमलीबाई काठावर थांबली. म्हणाली, "मॅडम, हे तं आमच्या झिऱ्याच्या वरतं हाय."

मी म्हटलं, "वरून माती टाकतो ना. कापसानं तेल धरलंय, तो सोडत नाही."

तिनं पायाशी गळणाऱ्या पोत्याकडे पाहिलं. कापूस ओला ठेवला की गरम होतो, कुजतो, धरलेलं सगळं सोडतो — हे तिला कळत होतं, आणि मला कळत नव्हतं? कापूस घरात आला की आधी हात घालून ओल पाहायची, हे मी आठव्या वर्षी शिकले. तरी ती म्हणाली, "तुमी म्हनता तं ठीक हाय," आणि पुढचं पोतं उचललं.

मी अहवालात लिहिलं: दूषित कापूस अधिकृत ठिकाणी रवाना. नाला स्वच्छ. अहवाल पोचला तसा तांड्याचा टँकर बंद झाला.

महिन्याभरानं अवकाळी पाऊस झाला, गारांचा. त्यानंतर आठवड्यात गोमलीबाई प्लास्टिकच्या कॅनमध्ये झिऱ्याचं पाणी घेऊन उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेली. वर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरत होते, म्हणे. मी ते पाणी पाहिलं नाही. पाहायला गेले नाही. अर्जात लिहिलं होतं: कापूस खड्ड्यात पुरला आहे, मी स्वतः पुरला आहे, खड्डा उकरा आणि टँकर सुरू करा.

झिऱ्याचा नमुना घ्यायचं काम माझ्याचकडे आलं. जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याच हाती बाटली. तेलाचा नमुना कसा घ्यायचा हे मला पाठ आहे. काचेची रुंद तोंडाची बाटली, आणि पाण्याचा वरचा थर, कारण तेल वर तरंगतं. मी प्लास्टिकची बाटली नेली. बूच लावून ती आत बुडवली, खाली नेऊन बूच काढलं, पाण्यातच पुन्हा लावलं आणि बाहेर काढून पुसली. तांड्यावरची दोन म्हातारी माणसं पंच म्हणून उभी होती. त्यांनी पंचनाम्यावर अंगठे दिले. त्यांना काय दिसणार? नमुना त्यांच्या डोळ्यांदेखतच घेतला होता. प्रयोगशाळेतून पाणी स्वच्छ आलं.

बाकीच्या सात जणी कचेरीच्या भीतीनं पुढे आल्या नाहीत; आता उरला होता फक्त गोमलीबाईचा शब्द.

इथपर्यंत जे लिहिलं, ते लिहायला मला जड गेलं नाही. असे अहवाल, असे नमुने — खात्यात कुणाला दचकायला होणार नाही. पुढचं मात्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

सुनावणी साधीच होती. लाकडी टेबल, पंखा, उपविभागीय अधिकारी साहेब तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, नवीन. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ते म्हणाले, प्रयोगशाळेचा अहवाल एक सांगतो, या बाई दुसरं. या बाई जर खरंच त्या कामावर असतील तर खड्डा उकरून पाहू. एक जेसीबी, अर्ध्या दिवसाचं काम. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, या तुमच्या कामावर होत्या?"

गोमलीबाई तिथेच उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिचा चेहरा उजळला — आता मिटलं, असं तिला वाटलं. म्हणाली, "इचारा मॅडमले. मॅडमच आल्या होत्या मले बलवाले."

मी म्हटलं, "सर, मस्टरवर यांचं नाव नाही."

ते म्हणाले, "मस्टरचं नाही विचारत. तुम्ही यांना ओळखता का?"

आणि मी म्हटलं — नाही.

एवढंच. नाही. सर, मी यांना ओळखत नाही.

ती ओरडली नाही. शिवी दिली नाही; दिली असती तर बरं, असं मला नंतर कित्येकदा वाटलं. ती माझ्याकडे वळून फक्त म्हणाली, "काहून वो मॅडम?" खरंच विचारत होती. मी फाईलमधलं पान उलटलं. त्यावर काहीही नव्हतं.

तक्रारीत तथ्य नाही, असा निकाल झाला. टँकर आला नाही. तांड्यावर तिलाच बोल लागला. तांड्याच्या नायकानं चार माणसांत तिला विचारलं, तुले कोन सांगतलं होतं कचेरीत जायले? ठेकेदाराकडून भरपाई मिळावी म्हणून बाई खोटं बोलली, असं गावातही पसरलं. ते पसरताना मी ऐकलं आणि गप्प बसले. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या पायांत बळ होतं त्या बाया वरच्या खडकाळ बरड्यावरच्या एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. ज्यांच्यात नव्हतं, त्या झिऱ्याचंच प्यायच्या. मुलांच्या अंगावर चट्टे आले. आरोग्य केंद्रात त्यांना खरजेचं मलम मिळालं. गोमलीबाईनं झिऱ्याला पुन्हा हात लावला नाही. ती बरड्यावर जायची. वैशाखात डोक्यावर दोन गुंड्या असताना विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, आणि खुबा मोडला.

दोन वर्षांनी ती मला दारव्ह्याच्या बाजारात दिसली. एक पाय लांब करून बसली होती, पुढ्यात वांग्यांचा ढीग. मी जवळ गेले. का गेले? माहीत नाही. माफी मागायला गेले होते असं म्हणायला आवडेल, पण तसं काही नव्हतं. पिशवी रिकामी होती आणि वांगी ताजी होती. मी वांगी निवडायला वाकले. तिनं माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, परत ढिगावर ठेवलं. "हे तुमच्यासाठी नाई," म्हणाली, आणि बाजूच्या गिऱ्हाइकाला वजन करून द्यायला लागली. मला आधी काय वाटलं, तेही सांगते. राग आला. चारचौघांत ही असं करते, याचा.

खड्डा अजून आहे. वर गवत उगवलं आहे.

गेल्या महिन्यात यवतमाळला नव्या स्वच्छता निरीक्षकांचं प्रशिक्षण होतं. कवडीचा प्रयोग आता उदाहरण म्हणून शिकवतात आणि शिकवायला मला बोलावतात. पडद्यावर फोटो दाखवते. एका फोटोत बाया पोती ओढताहेत, आणि त्यांच्यात ती आहे, कोपरापर्यंत काळी, कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी. तिच्या शेजारी मी, मीही हसतेय. सुनावणीच्या दिवशी हा फोटो माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये होता. आता मी तो, ती दिसू नये असा, एका बाजूनं कापून लावते.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नवीनच लागलेली, हुशार. तिनं विचारलं, "मॅडम, मग त्या तेलकट कापसाचं शेवटी काय केलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हॉलमध्ये चाळीसेक जण असतील. मी पाण्याचा एक घोट घेतला.

"अधिकृत ठिकाणी रवाना केला," मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. तिनं मान डोलावली, आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.