चाळीस जणींचे दाखले

मैत्रिणींनो, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चाळीस बायकांचे शाळेचे ओरिजिनल दाखले मी कुरिअरने टायपिंगच्या कंपनीला पाठवले आणि आता ते परत येत नाहीयेत.

कंपनीला ऑफिस नाही, सगळ्या बायका घरूनच टायपिंग करतात. मी आठवी शिकलेली, पण अंबडमध्ये घरोघरी ओळख. कंपनीचे सर फोनवर म्हणायचे, "ताई, आमची एचआर म्हणजे तुम्हीच." बायका जमवायच्या, कामाची हमी म्हणून दाखले घ्यायचे, सही करून पावती द्यायची, सगळं मी एकटीच करायचे.

शेजारच्या संगीताला नर्सिंगला अ‍ॅडमिशन मिळालीय. काल ती दाखला मागायला आली, उद्या दाखवायचाय. आज सकाळी तिच्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर. म्हणाले, "कसले दाखले? पावतीवर सही कोणाची आहे?"

संगीता एवढंच म्हणाली, "मी तुझ्याकडे बघून दिला होता गं."

दुपारपासून बायका दारात येतायत. पोरगी घाबरून पदर सोडत नाही, तिला मांडीवर घेऊनच नेट कॅफेत हे लिहितेय. पोलिसात जायचंय, पण एकटीने जायला भीती वाटते.

कोणीही वाचलं तर सिन्नरला माझ्या भावाला फोन करा. नंबर प्रोफाइलवर आहे. माझा फोन तो उचलत नाही, कारण वहिनीचाही दाखला मीच नेलाय. त्याला म्हणावं, भांडायला ये, पण ये.