नव्या कार्डावरचा लाल ठिपका

माधवी दुधेच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका असे. लोक भांड्यांवर नाव घालतात. माधवीचा नावावर भरवसा नव्हता, कारण नाव सगळ्यांना दिसतं आणि दिसलेलं खोडता येतं. तिचा ठिपका डब्याच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या अंगाला, शेजारी दिलेल्या छत्रीच्या दांड्यात, फक्त तिलाच सापडेल असा. बल्लारपुरातली भाजीवाली तिच्याशी वाद घालत नसे. अख्खी टोपली पुढे सरकवून मोकळी व्हायची. नवरा आदेश पेपर मिलमध्ये होता. टिफिनच्या झाकणावर ठिपका घेऊन तो मुकाट्याने ड्युटीला जाई.

माधवी लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. फोटोग्राफर शूटिंग आणून देत आणि ती मागच्या टिनाच्या खोलीत बसून त्यावर गाणी चढवी, नवरा-नवरीला हळूहळू चालवी, पाकळ्या उधळी. धंदा चांगला चालला होता. आणि या संशयी बाईचा जगात एकाच माणसावर विश्वास होता, तो म्हणजे संघपाल. मिक्सिंग तो तिच्याच हाताखाली शिकला. आता चंद्रपूरला गुणवंतरावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होता. माधवी घरी नसली तरी तो शेजारून किल्ली घ्यायचा, दर दिवाळीला तिचं मशीन खोलायचा, साफ करून निघून जायचा. नवऱ्यालाही तिने ही मुभा दिली नव्हती.

यंदा लोकांचे कॅमेरे वाढले, शूटिंग जड झालं आणि मशीनमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड धापा टाकू लागलं. चित्रांचं ओझं ओढायचं काम या कार्डाचं. संघपालने नवं सुचवलं. माधवीने मोबाइलवर दोन्ही कार्डांची माहिती शेजारी शेजारी ठेवली आणि तिची भुवई चढली.

"जुन्याची मेमरी आठ जीबी, नव्याची बारा. ठीक आहे," ती फोनवर म्हणाली. "पण मेमरीचा रस्ता जुन्याले दोनशे छप्पन बिटचा, अन् नव्याले एकशे ब्याण्णवचा. डबा मोठा अन् तोंड लहान, असं काऊन?"

"ताई, चिप नवीन आहे. नुसत्या आकड्यावर जाऊ नका."

"अन् वीजपण कमी खाते म्हणते. कमी खाऊन जास्त राबणारं कोणी पाह्यलं काय तू? मी तं नाई पाह्यली."

संघपाल हसला. "दुकानात या. दोन्ही चालवून दाखवतो."

जुनं कार्ड पिशवीत घालून ती गेली. त्याने एकाच मशीनवर आळीपाळीने दोन्ही लावली आणि माधवीने जानेवारीत घरी केलेलं एका लग्नाचं गाणं पुन्हा तयार करायला टाकलं. माधवीने स्क्रीनवरची वेळ पाहिलीच नाही. मशीनचं काम मशीनच मोजणार असेल तर झालंच, म्हणून तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. जुन्याला लागला त्याच्या अर्ध्याहून कमी वेळात नव्याने गाणं संपवलं. तिचं समाधान झालं. तरीही संघपाल चहा सांगायला बाहेर वळला तेव्हा तिने पर्समधली बाटली काढली आणि नव्या कार्डाच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर हळूच एक ठिपका दिला. मग ती गुणवंतरावांशी बोलत बसली आणि संघपालने कार्ड खोक्यात भरून दिलं.

घरी येऊन तिने खोकं उघडलं. ठिपका नव्हता.

खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर जुळत होता, पण स्टिकर काय, कोणीही चिकटवतं. तिने खोकं तसंच बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संघपाल कार्ड बसवायला आला तेव्हा तिने मशीन दारातल्या उजेडात आणून ठेवलं आणि ती त्याच्या बोटांकडे टक लावून बसली. तो गेल्यावर तिने मशीन जागेवर नेऊन तेच गाणं टाकलं. नव्या कार्डाने जानेवारीत जुन्याने घेतला होता त्याहूनही जास्त वेळ घेतला. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? अस्सल कार्ड दाखवून पोराने तसंच दिसणारं मरतुकडं कार्ड गळ्यात मारलं होतं. तिला रागापेक्षा रडूच जास्त आलं.

तशीच उठून ती चंद्रपूरला गेली आणि संघपालने कार्ड बदललं म्हणून भरल्या दुकानात बोलली. संघपाल पांढरा पडला.

"ताई, मी तुमच्यासंगं असं करीन?"

गुणवंतराव उठून उभे राहिले. "बाई, हे खरं असन तं उद्यापासून हा माझ्या दुकानात नाई. पण कार्ड अन् मशीन, दोन्ही घेऊन या. सगळ्यायसमोर पाहू."

दुसऱ्या दिवशी आदेशने गाडी चालवली आणि माधवी कॅबिनेट मांडीवर धरून चंद्रपूरपर्यंत आली. संघपालने कार्ड काढून दुकानाच्या मशीनला लावलं. गाणं टाकलं. माधवी घड्याळाकडे पाहत राहिली आणि गाणं पहिल्यासारखंच झपकन संपलं.

"मग माझा ठिपका कुठी गेला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोणता ठिपका?" गुणवंतराव म्हणाले.

संघपालने मात्र मान वर केली. "तो लाल डाग? तुमचा होता तो? मीच पुसलो, थिनर लावून. म्हटलं, नव्या मालावर ताईले एक डाग दिसला तं ताई वापरलेलं आहे म्हणून वापस आणन."

संघपालने तिच्या कॅबिनेटची पुढची जाळी काढली. जाळी दिसतच नव्हती; तिच्यावर काळा ओला लेप बसला होता, कोळशाच्या धुळीचा.

"उन्हाळ्यात मशीन कुठी ठेवता ताई?"

"कूलरसमोर," माधवी म्हणाली. "घरातली सगळ्यात महागाची वस्तू. दुसरीकडे कुठी ठेवू?"

"कूलरची ओल अन् इथल्या कोळशाच्या खाणीची धूळ. मशीनचा श्वासच बंद झाला. तापलं की कार्ड आपणच हळू होते. जानेवारीत कूलर बंद होता."

मे महिना होता. माधवीने भाजीवालीपासून संघपालपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या कूलरवर घेतला नव्हता. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "चुकली रे मी," ती म्हणाली, आणि हे वाक्य आदेशने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

"होते ताई," संघपाल म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने पेचकस उचलला, कॅबिनेटजवळ नेला आणि तसाच थांबला.

"मालक, तुमी इथी येऊन उभे राहा," तो म्हणाला. "ताईचं मशीन मी आता एकटा खोलत नाई."

गुणवंतराव येऊन दोघांच्या मध्ये उभे राहिले. संघपालने पहिला स्क्रू काढला, तळहातावर घेऊन माधवीला दाखवला आणि टेबलावर ठेवला. मग दुसरा काढला, तोही दाखवला.