मॉनिटरला जागा नसलेला सर्व्हर

वाकोल्यात जुने सर्व्हर विकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी फोनवर लबाड म्हटले, कारण यावेळी त्यांच्याकडून आणलेल्या सर्व्हरला मॉनिटर जोडायला जागाच नव्हती. ते रागावले नाहीत. संध्याकाळी घरी आले, नेहमीच्या सवयीने रुमालाला हात पुसले आणि एका निळ्या वायरीने सर्व्हर माझ्या लॅपटॉपला जोडला. पडद्यावर अक्षरे उमटू लागली.

"मुका नाय ओ काका तो. वायरीतून बोलतो."

जुन्या मालकाच्या फायलींची यादी दिसताच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पुसा तुम्ही. दुसऱ्याचं आपण वाचत नाय."

मी यादी शेवटपर्यंत वाचली, मग फायली पुसल्या.

"झालं?" त्यांनी न वळताच विचारले.

"झालं."

लबाड म्हटल्याबद्दल मी तेव्हाच क्षमा मागितली. यादीबद्दल काही बोललो नाही.